सिगडी विझू द्यायची नाही

गॅसच्या रांगेत उभी राहून मनातल्या मनात खूश असलेली बाई भिलाईला लागून असलेल्या आमच्या अख्ख्या कुरुदमध्ये मी एकटीच असेन. उन्हाळा नुकता तापायला लागला होता आणि सकाळीच सडक चपलेतून पायाला चटके देत होती. रांग एजन्सीच्या शटरपासून पार पानठेल्यापर्यंत गेलेली. कोणी रिकामं सिलेंडर स्कूटरला बांधून आणलं होतं, कोणी सायकलवर लादून, आणि आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी तर ते खुर्चीसारखं आडवं करून त्यावर बैठकच मारली होती. जो तो कोणाच्या ना कोणाच्या नावानं खडे फोडत होता.

माझ्या पुढे आमच्या शेजारची छत्तीसगढी बाई होती. मी तिला दीदी म्हणते, ती मलाही दीदीच म्हणते. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "का करबो दीदी, चार दिन ले बोरे-बासी खावत हन." म्हणजे पाण्यात घातलेला शिळा भात. उन्हाळ्यात तो या लोकांकडे आवडीनं खातात, पण आवडीनं खाणं वेगळं आणि गॅस नाही म्हणून खाणं वेगळं. मीही तोंड पाडून "हो ना, काय दिवस आले बाप्पा" असं म्हटलं. आतून मात्र मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्याचं कारण असं, की आमचा एकुलता एक पोरगा तेलाच्या देशात कामाला आहे. वेल्डर आहे, मोठमोठ्या पाइपलाइनी जोडतो. तिकडे समुद्रात कुठंतरी लढाई जुंपली, जहाजं अडकली, तेल अडकलं, गॅस अडकला, म्हणून आमची ही रांग. आणि आदल्याच दिवशी त्याचा फोन आला होता. "आई, इकडे काम कमी होऊन राह्यलं. बॅच-बॅचनं लोकांले घरी धाडून राह्यले. माझा बी नंबर लागते वाटते." रांगेतल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिलेंडर होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्याची निळी बॅग होती, जी घेऊन तो गेला होता.

तो गेला कसा, हेही सांगायला पाहिजे. माझा नवरा गोंदियाकडच्या एका खेड्यातून तरुणपणी भिलाईला आला, तेव्हा तिथल्या पोलादाच्या प्लांटला माणसं हवी होती. हे ब्लास्ट फर्नेसवर लागले. म्हणजे दगड वितळवून लोखंड काढायची ती उंच भट्टी. नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, मग मी लग्न होऊन आले. पोरगा झाला, त्यानं आयटीआय केलं, बापाच्याच प्लांटमध्ये अप्रेंटिसशिप केली. आम्हाला वाटलं, झालं, आता हा बी लागला. पण आता दिवस बदलले होते. काही काळ त्यानं ठेकेदाराकडे काम केलं, बापाच्याच गेटमधून आत जायचा, पण वेगळ्या रंगाचा पास घेऊन. शेवटी एक दिवस म्हणाला, "आई, दोन वर्षं जाऊन येतो." दोन वर्षांचं म्हणून गेला, मग परत दोन, मग परत. आमच्या जुन्या क्वार्टरच्या लाईनमधली सगळी पोट्टी अशीच गेली, कोणी पुण्याला, कोणी बंगलोरला, कोणी समुद्रापार. सेक्टरच्या मार्केटात संध्याकाळी उभं राहावं तर सगळे आमच्याच वयाचे, औषधाची पिशवी हातात घेतलेले.

यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रिटायर झाल्यापासून जगाची काळजी करायचं वेड लागलं. आम्ही कुरुदला घर बांधून राहायला आलो तेव्हा माझं झाडं लावायचं चाललं होतं आणि यांचं मोबाईलवर बातम्या पाहायचं. रोज चहाच्या वेळी एक नवी घोषणा. "बर्फ वितळून राह्यलं म्हणते." "कारखाने बंद पडून राह्यले म्हणते." त्या दिवसांत तर विचारूच नका. कप हातात घेतला की म्हणायचे, "तेल संपून राह्यलं वो. आता काई खरं नाई."

"चहा घ्या आधी," मी म्हणायची. "तो बी संपन."

गॅस काही त्या दिवशी मिळाला नाही. रिकामं सिलेंडर घेऊन मी परत आले तर हे गच्चीवरच्या अडगळीतून आमची जुनी सिगडी खाली आणत होते. लोखंडी बादलीची, आतून मातीनं लिंपलेली, मधे सळयांची जाळी. क्वार्टरमध्ये असताना मी कितीतरी वर्षं हिच्यावर स्वयंपाक केला होता. गॅस आल्यावर टाकून द्या म्हटलं तर यांनी टाकू दिली नव्हती. आता छाती फुगवून माझ्याकडे पाहिलं. त्याच दुपारी भिलाईतल्या कॅम्प-१ च्या बाजारातून कोळशाचं पोतंही आलं. हे म्हणाले, "पुरवून पुरवून वापरू. महिना निघते."

कसला निघतोय महिना! हे सिगडी विझूच देईनात. रात्री राखेत झाकलेल्या निखाऱ्यांवर सकाळी गोवरीचे तुकडे आणि लाकडाच्या ढलप्या घालून फुलवायचे, धूर निघून जाईपर्यंत अंगणात ठेवायचे, मग मी दोन भाकरी आणि एक भाजी करायची. तेवढ्यात काम संपलं. पण स्वयंपाक झाला तरी हे तिच्यासमोर स्टूल टाकून बसलेले. जरा निखारा मंदावला की दोन कोळसे टाकायचे. दुपारी बाहेर आग ओकणारं ऊन आणि घरात ही दुसरी आग. संध्याकाळी चहापुरता विस्तव लागायचा, त्याच्यासाठी दिवसभर टोपलीभर कोळसा जळायचा. पंधरा दिवसही गेले नाहीत तर पोत्याचा तळ दिसायला लागला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अजी, तुमी कोळसा वाचवाले सिगडी काढली का जाळाले? टंचाई आली म्हणून रडता अन् इथं बिनकामाची आग लावून बसता! विझवा ती. संध्याकाळी परत पेटवू."

हे म्हणाले, "विझू द्याची नसते."

"कावून?"

"भट्टी एकदा थंडी झाली का आतलं लोखंड गोठते. मंग ती भट्टी राहत नाई, डोंगर होते. पेटवाले लय दिवस जाते."

"ही बादली हाये!" मी ओरडले. "बादली! हिच्यात काय लोखंड वितळून राह्यलं? वांगं भाजलं मी हिच्यावर!"

हे हसले नाहीत. त्यांनी गुपचूप अजून एक कोळसा टाकला. जन्मभर या माणसानं भट्टी विझू दिली नव्हती. सण असो, ताप असो, माझ्या माहेरचं लग्न असो, शिफ्टची वेळ झाली की डबा घेऊन निघायचे. मी चिडायची, माहेरी एकटीच जायची, आणि लोकांनी विचारलं की "त्यांची भट्टी हाय ना" असं सांगायची, जणू सवतच आहे. आता त्या हातांना एक साधी सिगडी विझवता येत नव्हती. मला राग आला, पण टिकला नाही. मी दुसरं पोतं आणायला होकार दिला.

त्यानंतर परत पोराचा फोन आला. यांनी तो स्पीकरवर लावला. तिकडचं ऊन तर म्हणे असं, की दुपारी काम बंदच ठेवतात, माणसं उभ्या उभ्या पडतात. बोलता बोलता तो म्हणाला, "बाबा, सगळे म्हणते हे तेल-कोळशानंच झालं. पुढं तुमच्यासारख्या भट्ट्या राहणारच नाईत. लोखंड दुसऱ्या तऱ्हेनं बनन." त्याच्या मनात काही नव्हतं. पोरं बोलतात तसं बोलला. पण यांचा चेहरा उतरला. फोन ठेवून सिगडीसमोर जाऊन बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे आमी जन्मभर वाईटच केलं का वो?"

मी फणकाऱ्यानं म्हणाले, "कोणी म्हटलं असं? त्याच भट्टीनं त्याले दूध पाजलं, शाळा शिकवली. रेल्वेचे रूळ काय आकाशातून पडते का?" बोलून तर गेले, पण तोंड फिरवून गच्चीवर आले तर पाय ठेववेना. झाडं लावली होती ती करपून काड्या झाली होती. आमच्या तरुणपणी भिलाईत ऊन नव्हतं का? होतं, कडक होतं, पण संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की गारवा यायचा. आता पाणी मारलं तर वाफ येते. आणि तरी, खरं सांगते, मला त्या धुराची आठवण येते. क्वार्टरच्या अंगणात आम्ही उन्हाळ्यात खाटा टाकून झोपायचो. प्लांटमध्ये भट्टीतली वितळलेली लाल मळी ओतली की सगळं आकाश लाल व्हायचं, पोरगा खाटेवर उठून बसायचा आणि म्हणायचा, "बाबांनी दिवा लावला." तो दिवा पाहून मी निवांत झोपायची, की यांचं काम चालू आहे, आमचं घर चालू आहे. त्याच दिव्यानं आज गच्ची तापवली असेल तर मी कोणाला बोल लावू?

पोराचं यायचं पक्कं झालं आणि मी सरगुंडे करायला घेतले. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे आंब्याच्या दिवसांत पाहुणा आला की रसासोबत सरगुंडे लागतातच. गव्हाचं पीठ घट्ट भिजवायचं, त्याची बारीक दोरी वळायची, ती काडीवर गोल गोल गुंडाळायची आणि अलगद सरकवून काढायची. पोकळ नळी तयार होते, ती वाळवायची. खायच्या वेळी उकडून रसात टाकायची. आमच्या पोराला भारी आवडतात. लहानपणी तो बोटात सरगुंडे घालून घरभर फिरायचा. तो येत नव्हता त्या उन्हाळ्यांतही मी थोडे थोडे करून डब्यात भरून ठेवायची, उगीच.

क्वार्टरमध्ये असताना हे काम कधी एकटीनं केलं नाही. कडुनिंबाखाली चटया पडायच्या. शेजारची तेलुगू बाई, पलीकडची बंगाली वहिनी, मागच्या लाईनमधल्या छत्तीसगढी बाया, सगळ्या काड्या घेऊन बसायच्या. भाषा कोणाची कोणाला धड येत नव्हती, हिंदीचं भरीत करून बोलायचो, पण गुंडाळायला सगळ्या शिकल्या होत्या. त्या बंगाली वहिनीचे सरगुंडे माझ्यापेक्षा सुबक व्हायचे, तेव्हा मी तिच्यावर जळायची. आता ती कुठं असेल कोण जाणे! रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आणि सगळे जिकडे तिकडे झाले. कुरुदच्या घरात फरशी गुळगुळीत आहे, नळ चकचकीत आहेत, पण चटई टाकून कोणाला हाक मारावी असं कोणी नाही.

गच्चीवर दोरी वळायला बसले तर उन्हानं पीठ हातातच कडक व्हायला लागलं. काडीवर गुंडाळलं की सरकवेपर्यंत तडकायचं. तुकडे तुकडे. मी परत भिजवलं, परत तेच. शेवटी मी तिथेच बसून रडले. ज्या उन्हात आईनं वाळवलं, आजीनं वाळवलं, त्याच उन्हात माझे सरगुंडे फुटत होते. हे वर आले आणि परात उचलून खाली नेली. मग दार-खिडक्या लावून, आतल्या खोलीत, लाईट असेल तेव्हा पंख्याखाली मी ते केले. थोडे वाकडे झाले. दुर्गच्या बाजारातून आंबे आणले, तेही वादळात झडल्यामुळे महाग आणि आंबट.

आणि पोरगा आला! दुर्ग स्टेशनवर मी त्याला आधी ओळखलंच नाही. वाळून, करपून कोळसा झाला होता. "काय रे, तिकडे जेवाले देत नाईत का?" तर हसला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा काही तोच मोठा. घरी येऊन पहिले सिगडीसमोर बसला. "बाबा, हे काय, क्वार्टरची सिगडी? अजून हाये?" बाप म्हणाला, "विझू दिली नाई तू येईपर्यंत." तेव्हा कुठं मला कळलं, की एवढा कोळसा कशासाठी जळत होता. मी उगीच पदरानं डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली.

त्या दिवशी त्यानं सरगुंडे बोटात घातले नाहीत, पण वाटी चाटून खाल्ली. पुढचे दिवस मी हवेत होते. त्याचा शर्ट धुताना सुख, त्याच्यावर ओरडताना सुख. पण हळूहळू मला दिसायला लागलं. सकाळी तो निघायचा, ओळखीच्या ठेकेदारांकडे जाऊन यायचा, आणि परत आला की चप्पल दाराशी फार हळू काढायचा. मग बाप एका बाजूला, तो एका बाजूला, मधे सिगडी. त्यालाही आता दोन कोळसे टाकायची सवय लागली. आणि सारखा मोबाईल. मी विचारलं, "काय पाहतोस रे एवढं?"

"जहाजं सुटली का पाहून राह्यलो, आई."

मी म्हटलं, "राहू दे ना अडकलेली. इथं राह्य. भाजी-भाकरी हाये आपली."

"इथं मी काय करू?"

"माझ्यासमोर बस."

तो मोठ्यानं हसला. "बसायचा पगार कोण देते, माय?" मग हसू ओसरलं आणि म्हणाला, "बाबांसारखं मले बी काम पायजे ना. रिकाम्या हातानं बसलो तर मी खराब होईन." मला सगळं समजत होतं. समजत असलं म्हणून काय झालं? मी देवापुढे हात जोडायची की जहाजं सुटू नयेत, आणि माझ्या शेजारी उभा राहून माझा पोरगा जहाजं सुटावीत म्हणून हात जोडायचा. देव बिचारा काय करेल!

जहाजं सुटली. टीव्हीवर सांगितलं, पेट्रोल पंपावरच्या रांगा आटल्या, यांनीसुद्धा चहाच्या वेळी "चला, सध्या तरी टळलं" असं म्हटलं. दोनच दिवसांत पोराला तिकडून बोलावणं आलं. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड आला, की मला त्याला अडवायची लाज वाटली. मी उरलेले सरगुंडे डब्यात भरले, फुटू नयेत म्हणून डबा त्याच्या कपड्यांमधे ठेवला. तो म्हणाला, "आई, तिकडे आंबे कुठं भेटन?" मी म्हणाले, "दुधात टाक. नाई तर नुसते पाहत बस. घेऊन तर जा."

दुर्गहून सकाळची गाडी होती. खिडकीतून त्यानं बापाला म्हटलं, "बाबा, आता उन्हात बसू नका सिगडीजवळ." गाडी हलली. आम्ही दोघं रिक्षानं घरी निघालो.

गल्लीत शिरलो तर एकच गलका. गॅसची गाडी आली होती. पोरं सिलेंडरं लोळवत नेत होती, बाया दारादारात उभ्या. दीदी धावत आली, माझे हात धरून नाचवायला लागली, "गैस आ गे दीदी! गैस आ गे!" मी तिच्याकडे पाहून हसले असावे. गाडीवाल्यानं आमचं सिलेंडर दारात ठेवलं, ठणकन. हे आत घेऊन गेले, साबणाचं पाणी लावून गळती पाहिली, गॅसच्या शेगडीला जोडलं, काडी ओढली. निळी ज्योत भुस्सकन पेटली.

मला त्या ज्योतीचा असा राग आला, की लाथ मारून सगळं उलटवून टाकावंसं वाटलं. लोकांना वाटलं गॅस आला. माझा पोरगा गेला म्हणून हा आला होता. मला नको होतं तेल, नको होता गॅस, मला माझं लेकरू हवं होतं. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले.

हे मागेच उभे होते. मग घसा खाकरून म्हणाले, "चाल, आता सिगडी विझवतो. गॅस आला. कोळसा वाया कावून घालवाचा." आणि खरंच पाण्याचा तांब्या घेऊन अंगणाकडे निघाले.

"खबरदार!" मी ओरडले.

मी बाहेर गेले. सकाळच्या घाईत कोणी पाहिलं नव्हतं, सिगडीत राखेखाली दोन-चार निखारे कसेबसे जिवंत होते. मी वाकून फुंकर मारली. डोळ्यांत राख गेली. पोत्यात हात घालून कोळसे काढले, एकेक करून रचले, आणि धग धरेपर्यंत पदरानं वारा घातला. मग वर चहाचं भांडं ठेवलं.

"अवो, आत गॅस पेटला हाये," हे दारातून म्हणाले.

"पेटू द्या. चहा हिच्यावरच होईन." मी वर पाहिलं नाही. "तुमीच म्हटलं ना, एकदा थंडी झाली का पेटवाले लय दिवस जाते."

मग आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला, कोळशाची टोपली आणून माझ्या बाजूला ठेवली, आणि स्टूल ओढून समोर बसले.